अंगणात पेरलेली सराट्याची पुडी

सोलापूर,
दसरा होऊन चौथा दिवस

तीर्थस्वरूप आप्पामामा यांचे चरणी भाचा मानसिंग याचा शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार कागदावरच मान्य करून घ्यावा. एरवी दसऱ्याच्या दिवशी अंगणात उतरून, अक्कलकोटच्या दिशेला तोंड करून तो मी खरोखरच घालीत असे, हे आईला विचारा. यंदा आमच्या अंगणात आठ अंगे टेकण्यासारखी जागा उरलेली नाही. एक अंगसुद्धा टेकवत नाही, आणि याला कारण तुम्ही आहात. मामींच्या गुडघ्यांना आता उतार असेल. म्हैस व्याली का? तुमचा खोकला कसा आहे? तुमच्याकडे औषधाला येणाऱ्यांची गर्दी पूर्वीसारखीच असेल (परमेश्वर त्यांचे रक्षण करो). इकडे आईची प्रकृती ठीक आहे, सौ. मथुराही ठीक आहे. आई तुमची आठवण काढते. मीही काढतो, दिवसातून पुष्कळ वेळा, जमिनीला पाय टेकला की.

आधीच सांगून टाकतो, की हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेले नाही. मी रागावलो आहे, आणि तो राग आतल्या आत ठेवण्याची मला सवय नाही, म्हणून लिहितो. तुम्ही आईचे धाकटे भाऊ. वेळापूरच्या जत्रेत मला खांद्यावर घेऊन हिंडलात, हे मी विसरलेलो नाही. त्यामुळे शब्द जपून वापरतो आहे. वरच्या बाजूला जी दोन वाक्ये गिरगटलेली दिसतील त्यांत मी तुमची तुलना ईस्ट इंडिया कंपनीशी केली होती. ती खोडली आहेत. उजेडाला धरून वाचू नयेत. (तरी एवढे म्हणतो, की ती कंपनीही या देशात प्रथम पुड्यांच्याच निमित्ताने आली होती.)

चैत्रात माझ्या कुशीत कळ येत होती. तुम्ही नाडी न बघता, केवळ आईच्या निरोपावरून, मूतखडा आहे असे ठरवलेत आणि मोटारवाल्याबरोबर सराट्याच्या वाळल्या फळांची (तुमच्या वैद्यकी भाषेत गोखरूची) पुडी पाठवलीत. सोबत तोंडी निरोप दिलात, की काढा करून घे. पुडी येऊन पोचेपर्यंत कळ थांबली होती. ज्या माणसाने फ्रान्सपासून आयर्लंडपर्यंतच्या उठावांचे इतिहास वाचले आहेत तो एका खड्यापुढे किती दिवस वाकणार? पुडी कोनाड्यात पुस्तकांशेजारी पडून राहिली. तुम्ही आता म्हणाल, "मी काढा करून घे असे सांगितले होते." सांगितले होतेत. नाकारतो कोण? पण पेरू नको असे सांगितले होतेत का? नाही. नेत्याने काय करावे एवढेच सांगितले आणि काय करू नये ते सांगितले नाही, म्हणजे अनुयायी कुठच्या कुठे जातात, हे मी सभांतून घसा कोरडा करून सांगत आलो आहे. वैद्यांना ते लागू नाही असे कोणी सांगितले?

पेरण्याची पाळी का आली तेही ऐका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णाराव वकिलांचा बंगला आहे. माणूस शिकलेला, इंग्रजी उत्तम, मराठी बोलताना मात्र तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलतो. त्याने गेल्या वर्षी विलायती गवताचे बी मागवून दारापुढे हिरवळ केली. ऐन वैशाखात, पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, बायका सार्वजनिक नळावर घागरींची रांग लावून बसलेल्या, आणि पलीकडे अण्णारावाचा माळी झारीने गवताला आंघोळ घालतो आहे! मामा, ज्या गावात एका घागरीसाठी बाई बाईच्या झिंज्या धरते त्या गावात गवताला पाणी पाजणे हे पाप आहे. ते गवत गाईने खायचे नाही, पोराने त्यावर लोळायचे नाही, साहेब आला तर त्याने ते बघून मान डोलवायची, एवढ्यासाठी पाजणे हे तर महापाप आहे. हे मी तेव्हा म्हटले, आज म्हणतो आणि तळपायांतून रक्त येत असतानाही म्हणतो. 'हिरवळ आणि गुलामगिरी' या विषयावर मी दोन व्याख्याने दिली. दुसऱ्या व्याख्यानाच्या शेवटी मागच्या रांगेतून एका विणकराने विचारले, "मग आपल्या लोकांनी हिरवळ लावायचीच नाही म्हणता?" मी म्हणालो, लावायची! पण या मातीत जन्मलेली, नळाकडे न बघणारी, आपल्या वैद्यांनी गौरवलेली, अशी लावायची! टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असतानाच मला कोनाड्यातली पुडी आठवली.

मला सराटा माहीत नव्हता असे मात्र समजू नका. माझे लहानपण त्याच्यावरूनच चालण्यात गेले. पण तुमच्या पुडीतला सराटा पाहिलात का तुम्ही? गुळगुळीत, बोथट, हातात घेतला तर गुदगुल्या होतील असा. एकालाही काटा नाही. मला वाटले, मामांनी एवढी वर्षे वनस्पतींत घालवली, त्यांनी बिनकाट्याची जात तयार केली आणि स्वभावाप्रमाणे ती कोणाला सांगितली नाही. मला अभिमान वाटला! आता कळते, की रोग्यांच्या बोटांना टोचू नयेत म्हणून तुम्ही तो उखळात कांडून काटे मोडून ठेवता. मामा, काटे मोडलेत तर बी का नाही मोडलेत? अर्धवट सुधारणा ही सुधारणा नसण्याहून घातक असते, हे मी कितीदा सांगू? पुडीतून आला तो मवाळ होता. जमिनीतून उगवला तो जहाल.

मृगाचा पाऊस पडला तसा मी तो स्वतःच्या हाताने अंगणभर फोकला. आणि काय उगवला म्हणून सांगू! सतरंजी अंथरावी तसा जमिनीला धरून पसरला. बारीक पाने, वर पिवळी फुले. घागरभर पाणी त्याने मागितले नाही. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "मानसिंगा, ह्यो सराटा हाय रं. फळं धरायच्या आदी उपटून टाक." मी समजावले, की आई, हा साधा नव्हे, मामांनी सुधारलेला आहे. त्यावर आई म्हणाली, "आप्पा सोता सुदारला न्हाय, त्यो सराटा कवा सुदारतोय?" हे वाक्य तुम्हाला मुद्दाम कळवतो, कारण त्या दिवशी तुमची बाजू घेऊन बोलणारा या घरात मी एकटा होतो.

श्रावणात मी लोकांना स्वदेशी हिरवळ पाहायला बोलावले. गल्लीतले विणकर आले, शाळामास्तर आले, अण्णाराव स्वतः पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आला आणि कडेला उभा राहिला. मी अनवाणी त्या हिरवळीच्या मध्यावर गेलो. मामा, ती मऊ, ओली, गार पाने तळपायांना लागली आणि मला भरून आले. वाटले, ही माती आणि माझे पाय यांच्या मध्ये कोणाच्याही कातड्याचा तुकडा कशाला हवा? मी हात वर केला आणि प्रतिज्ञा केली, की स्वराज्य मिळेपर्यंत पायात काही घालणार नाही. लोकांनी जयघोष केला. अण्णारावानेही टाळ्या वाजवल्या (तेव्हाच मला शंका यायला हवी होती). घरात आल्यावर सौ. म्हणाली, "लोक चहा सोडतात, साखर सोडतात. दार लावून घेतलं की परत धरता येतं. तुम्ही नेमकं साऱ्या गावाला दिसणारं सोडलंत." बायकांना इतिहासाची दृष्टी नसते, असे मला त्या दिवशी वाटले होते. आता वाटत नाही.

भाद्रपदात फळे धरली. मी सकाळी अंगणात येरझाऱ्या घालीत भाषणांची तयारी करतो, हे तुम्हाला माहीत आहे. विचार पायांतून वर चढतात अशी माझी पद्धत आहे. त्या सकाळी विचारांऐवजी सराटा चढला. तोंडात "परकीय सत्ते!" हे संबोधन होते, त्याच क्षणी टाच पडली, आणि जी आरोळी निघाली ती ऐकून शेजारच्या घरांतले माग थांबले. (लोकांना ती इतकी आवडली, की आता सभेत त्या ठिकाणी तसाच आवाज काढा असा आग्रह होतो.) हे फळ तुम्ही कांडता, पण त्याचा स्वभाव तुम्ही पाहिलेला नाही. वाळले की त्याची शकले होतात. शकल कसेही टाका, उलटे टाका, तिरके टाका, एक टोक आभाळाकडे राहते म्हणजे राहतेच. पडला तरी ताठ! इतका निष्ठावंत कार्यकर्ता मला आयुष्यात एकही मिळाला नाही, आणि मिळाला तो माझ्याच विरुद्ध.

तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. खुरपणीला बसव्वाला बोलावले. ती अक्कलकोटच्या पलीकडची, अर्धे कानडी अर्धे मराठी बोलते. तिने वेल उपटले आणि भुईमूग झाडतात तसे हिसडे देऊन झाडले. मातीबरोबर फळे दाही दिशांना! जिथे सराटा नव्हता तिथेही झाला. "यप्पा!" ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्याला सोडून दुसरं बीच मिळालं न्हाय काय तुमाला?" तिच्या पायात जाड वहाणा होत्या. माझे पाय पाहून तिने विचारले, अनवाणी का? मी प्रतिज्ञा सांगितली. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "मग माजंबी तसंच. स्वराज्य आल्याबिगर ह्या अंगणात खुरपं घालनार न्हाय." आणि निघून गेली. प्रतिज्ञेची लागण अशी होते.

मग मी जाळून पाहिले. वेलांची राख झाली. काटे मात्र काळे झाले, एवढाच फरक. आधी ते पिवळट होते, निदान दिसत तरी होते. आता आमच्या काळ्या मातीत ते मिसळून गेले, आणि त्यांना शोधायला माझे पाय तेवढे उरले.

(येथे जरा थांबलो होतो. काही नाही. कुशीत किंचित धरले होते. रागाच्या भरात लिहिले की होते तसे.)

त्यानंतर धुळा. हा माणदेशातला मेंढपाळ, दर साल या सुमाराला कळप घेऊन गावाबाहेरून जातो. सगळे मेंढ्या शेतात बसवतात ते खतासाठी. मी म्हटले, आपण सराट्यासाठी बसवू. धुळा म्हणाला, "सायब, सराटा माळावर ढिगानं पडलाय. त्यो सोडून मेंढरं तुमच्या दारात कशापायी खातील?" मी त्याला म्हटले, तू आण तर खरा. त्याने आणल्या. मेंढ्यांनी सौ.ची तुळस खाल्ली, दसऱ्याच्या तोरणासाठी राखलेला झेंडू खाल्ला, आणि सराट्यावर आडव्या होऊन रवंथ करीत बसल्या. उठल्या तेव्हा एकेकीच्या लोकरीत एवढे काटे, की कळप नव्हे तर शिपायांची पलटण उठल्यासारखी दिसली. मला क्षणभर आनंद झाला, कारण काटे तरी चालले! पण धुळा उंबऱ्यापुढे फतकल मारून बसला. "लोकर कामातनं गेली की. येचून द्या, मग जातो." किती समजावले तरी "व्हय व्हय" म्हणे आणि हलेना. शेवटी मी, आई आणि सौ., आम्ही तिघे एकेक मेंढी मांडीत घेऊन काटे वेचीत बसलो, आणि वेचलेले काटे पुन्हा अंगणातच पडले. नेमका त्याच वेळी अण्णाराव रस्त्याने चालला होता. कुंपणावरून वाकून म्हणाला, "काय मानसिंगराव! सूतकताई सोडून एकदम लोकरीवर?" माझ्या मांडीवर मेंढी होती. उठता येईना. अशा स्थितीत माणूस काय बोलणार? वक्त्याला उभे राहायला जागा लागते, मामा. ती तुम्ही काढून घेतलीत.

शेवटी आईने युक्ती काढली. गोणपाट ओले करायचे आणि जमिनीवरून फरफटत न्यायचे. काटे त्यात रुततात. मी ओढू लागलो, सौ. पाणी मारू लागली, आई ओट्यावरून "हितं ऱ्हायलं की! तितं बग!" असे हुकूम देऊ लागली. आणि गुण आला! गोणपाटे काट्यांनी भरली की मी ती घडी घालून आडाशेजारी रचून ठेवी. अंगण जवळजवळ साफ झाले. एक दिवस मी कुंपणापासून दारापर्यंत अनवाणी चाललो आणि काही टोचले नाही. त्या दिवशी मी तुम्हाला माफ करण्याच्या बेतात होतो.

आता दसऱ्याचे सांगतो. सीमोल्लंघनाची सभा दर वर्षी आमच्या अंगणात होते, हे तुम्ही जाणता. या गावात माझ्यापाशी इस्टेट आहे ती एवढीच. सभेच्या कमिटीत यंदा कुजबुज होती, की मानसिंगरावांच्या दारात काटे फार, सभा अण्णारावांच्या हिरवळीवर न्यावी. मी कमिटीत उभा राहून सांगितले, की माझ्या अंगणात एका माणसाला एक जरी काटा टोचला, तरी पुढल्या सालापासून सभा खुशाल त्या विलायती गवतावर न्या, मी तोंड उघडणार नाही. असे बोलल्यावर माझे काय पणाला लागले होते, ते तुम्हाला सांगायला नको.

सभेच्या दिवशी मी पहाटेपासून राबत होतो. जाजम आणले. स्वयंसेवकांना म्हटले, आमचे विणकर लोक दिवसभर मागावर बसून कंबरेत वाकलेले असतात, खालची जमीन त्यांना लागेल. जाजमाखाली काही मऊ घाला. ते म्हणाले, काय घालू? मी टेबलावर फुले मांडीत होतो. मान वर न करता म्हणालो, आडाशेजारी गोणपाटे पडली आहेत, ती घाला. मामा, हे मी दयेने म्हणालो. याची नोंद घ्या. घडी उलगडताना कोणती बाजू वर आली हे बघण्याची कोणाला गरज वाटली नाही, कारण वर जाजम येणार होते.

अंगण भरले. अध्यक्षपद रिवाजाप्रमाणे अण्णारावाकडे, म्हणून त्याला तेवढी खुर्ची. मी सुरुवात सावकाश केली. जाजम जाड होते, ओझ्याखाली ते हळूहळू दबत होते. मी रंगात येत गेलो, लोक पुढे सरसावू लागले, चुळबुळ वाढली, डोळ्यांत पाणी दिसू लागले. मला वाटले, आज साधले! मी दोन्ही हात वर करून गर्जना केली, "उठा!" आणि मामा, पहिली रांग उठली. मग दुसरी. मग सारे अंगण! इतकी वर्षे मी या गावाला उठा म्हणून सांगतो आहे. त्यातला एक माणूस उठलेला मी कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "बंधूंनो, बसा." कोणी बसेना. पुन्हा म्हणालो, "बसा." एक म्हातारे विणकर हात जोडून म्हणाले, "आम्ही उभेच बरे." त्या निष्ठेने मी आणखी पेटलो आणि नेहमीपेक्षा दुप्पट बोललो. शेवटी म्हणालो, ज्यांना हे पटले असेल त्यांनी हात वर करावेत. एकही हात वर आला नाही. सगळ्यांचे हात मागे गुंतलेले होते.

मग समारोपाला अण्णाराव उठला. खुर्चीत बसलेला, कॅनव्हासचे बूट घातलेला, साऱ्या सभेत एकटाच सुखी माणूस! म्हणाला, "श्रोत्यांना उभे करणारे वक्ते मी पाहिले आहेत. बसूच न देणारे हे पहिले." हशा पिकला. त्यात भर म्हणून कमिटीत मी दिलेल्या शब्दाचा ठराव त्याने वाचून दाखवला आणि पुढल्या सालची सभा आपल्या हिरवळीवर होईल असे जाहीर केले. टाळ्या पडल्या, आणि त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच होत्या. माझे लोक होते ते, मामा! नळावर ज्यांच्या बायका उभ्या असतात तेच लोक!

यानंतर सोने लुटणे. लोक ओळीने येऊ लागले. प्रत्येकाने माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले, आणि धोतरात हात घालून, काढलेला सराटा त्या पानाशेजारी ठेवला. ते मघाचे म्हातारे विणकर म्हणाले, "सोनं आमचं. हे तुमचं तुम्हाला परत." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागले. टेबलावर एका बाजूला सोन्याचा ढीग झाला, दुसऱ्या बाजूला सराट्यांचा, आणि दुसरा मोठा होता. जाजम उचलले तेव्हा उरलेले काटे माझ्या सभोवती सांडले. मी टेबलापाशी अडकलो. अण्णारावाने सर्वांसमक्ष आपले बूट काढून माझ्यापुढे ठेवले. "घरापर्यंत घाला, उद्या पाठवून द्या." मामा, त्या बुटांकडे मी एकदा पाहिले. नंतर मान ताठ ठेवून, त्या काट्यांवरून, माझ्या दारापर्यंत चालत गेलो. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. (आई म्हणते, सगळे दिसत होते.)

आता बोला. एक पुडी, आणि माझी सभा गेली. बरे, माझे तत्त्व तरी खोटे ठरले का? मुळीच नाही. पाऊस थांबून इतके दिवस झाले, अण्णारावाच्या गवताला आजही झारी लागते, आणि माझ्या कुंपणाच्या कडेला सराटा एक थेंब न मागता नव्याने हिरवा होतो आहे. तो चूक नाही. त्याला काटे आहेत, एवढेच. पुढल्या मृगाला मी एकेक रोप फूल यायच्या आत माझ्या हाताने उपटणार आहे, सलग काही साले उपटणार आहे, आणि नळावरच्या पाण्याबद्दल अण्णारावाच्याच हिरवळीवर उभा राहून बोलणार आहे. सभा त्याच्याकडे नेली, तोंड तर माझ्याकडेच आहे. तुम्ही मात्र यापुढे या घरात काहीही पाठवताना ते खायचे, लावायचे, की लांबून नमस्कार करायचे, हे स्पष्ट कळवत जा. मामींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. लोभ असावा, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो.

तुमचा भाचा,
मानसिंग

ता. क. काही मागणार नाही असे वर लिहिले ते कायम आहे. पुढील मजकूर हे मागणे नव्हे, भरपाई आहे. तुमच्या वहाणा जो करतो त्याच्याकडून एक जोड करवून मोटारवाल्याबरोबर पाठवावा. तळ जाड, सराटा आरपार येणार नाही असा. पट्टे बारीक, आणि माझ्या पायाच्या रंगाचे (रंग तुम्हाला माहीत आहे, आईचाच आहे), म्हणजे कुंपणावरून पाहणाऱ्याला पाय उघडेच वाटावेत. करकर वाजता कामा नये. पाऊल कागदावर रेखून सोबत जोडले आहे. मधले डाग शाईचे नाहीत. यात प्रतिज्ञाभंग काडीचाही नाही. स्वराज्य मिळेपर्यंत अनवाणी, असे मी म्हणालो होतो. माझ्या अंगणापुरते स्वराज्य मी काल सायंकाळी आई आणि सौ. यांच्या समक्ष जाहीर केले आहे. आईची हरकत नव्हती. सौ.ने, राज्य कोणाचे, एवढेच विचारले.

ता. क. २. (हे मी मथुरा लिहिते. सासूबाई सांगतात तसेच लिहिते.) आप्पा, तुज्या आक्काचा आशीर्वाद. ह्यानं लिवलंय त्यातलं निम्मं सोडून दे. तुजी चूक न्हाय, माजं प्वार हाय ते मला ठावं हाय. पर परवा सांजंपास्नं ह्याच्या कुशीत परत कळ हाय. मदीच दात खातो, भिंतीला धरतो, आन इचारलं तर म्हंतो ईचार करतोय. ईचार करताना कुनी असं वाकडं होतंय व्हय? त्यो काडा कसा करायचा त्ये नीट लिवून पाठीव. पानी किती, उकळायचा किती. सराटा न्हाई पाठीवलास तरी चालंल. हितं गाडीभर हाय.

ता. क. ३. आईने सांगितले आणि सौ.ने लिहिले ते मी वाचले. खोडणार होतो. खोडत नाही. वहाणांचे सावकाश पाहिले तरी चालेल, काढ्याचे उलट टपाली कळवा. टेबलावर सराट्यांचा तो ढीग तसाच आहे, उखळ आईने घासून ठेवले आहे. माझा राग कायम आहे. फक्त कांडताना काटे आधी मोडायचे की सबंधच उकळायचे, तेवढे लिहा. आणि लौकर लिहा, मामा.